पुढच्या फळीवर पाठवा

सरकारी नोकरीत असो वा सैन्यात, माणूस वशिला लावतो तो बऱ्या जागी बदली व्हावी म्हणून. रोझा शानिनाने आयुष्यातला एकमेव वशिला लावला तो मरणाच्या जवळ बदली व्हावी म्हणून. तिचा वशिला म्हणजे प्योत्र मोल्चानोव, सोव्हिएत पाचव्या आर्मीच्या ‘उनिच्तोझिम व्रागा’ या वर्तमानपत्राचे संपादक. ‘शत्रूचा नायनाट करू’ असं त्या पत्राचं नाव. रोझा तेव्हा वीस वर्षांची होती, स्नायपर म्हणून नावाजलेली होती आणि मोल्चानोवना पत्रामागून पत्र पाठवत होती.

८ ऑगस्ट १९४४च्या पत्रात तिने एक कबुली दिली आहे. आपण नुकतेच परवानगीशिवाय गायब झालो होतो, असं ती सांगते. हालचालीच्या गडबडीत ती आपल्या तुकडीपासून सुटली. तुकडी गाठायची सोडून ती लढाई चालली होती त्या बाजूला चालू लागली आणि पुढे सरकणाऱ्या पायदळात मिसळून गेली. तिचा युक्तिवाद साधा आहे. आघाडी सोडून मागे जाणं हे पळून जाणं, मागून आघाडीकडे जाणं हे पळणं कसं? आमची तुकडी हल्ल्यात उतरणार नाही, मागून रखडत येणार हे मला ठाऊक होतं. खरं युद्ध कसं असतं ते मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. एवढं सांगून झाल्यावर मुद्द्याची गोष्ट येते: जिथे शब्द टाकायचा तिथे टाका आणि मला पुढच्या फळीवर पाठवा.

सैन्याच्या शिस्तीत याला गुन्हाच म्हणतात. कोमसोमोलच्या, म्हणजे कम्युनिस्ट युवक संघटनेच्या बैठकीत तिला समज मिळाली. प्रकरण लष्करी न्यायालयापर्यंत गेलं नाही. जाणार कसं? दोन महिन्यांपूर्वी, ९ जूनला, त्याच ‘उनिच्तोझिम व्रागा’ने तिचा फोटो पहिल्या पानावर छापला होता. पहिल्या पानावरची मुलगी कोर्टात उभी करायची कोणाची छाती नव्हती.

स्नायपरची गोष्ट सांगताना बळींचा आकडा आधी सांगायची पद्धत आहे. रोझाचा आकडा साधारणपणे ५९ सांगतात, काही ठिकाणी ५४. सोव्हिएत सैन्यात प्रत्येक स्नायपरची नोंदवही असे आणि साक्षीदाराने दुजोरा दिल्याशिवाय टिंब मांडत नसत, हे खरं. पण तो आकडा वर्तमानपत्रांना हवा होता तेवढा तिला हवा होता असं तिच्या पत्रांवरून वाटत नाही. तिची पत्रं म्हणजे बहुतांशी अर्ज आहेत. एकच मागणी, पुन्हा पुन्हा.

तिचा जन्म ३ एप्रिल १९२४चा. रशियाच्या उत्तरेला अर्खांगेल्स्क भागात येद्मा नावाचं खेडं आहे, तिथला. बाप गेओर्गी लाकूडतोडीच्या कामावर, पहिल्या महायुद्धातल्या जखमेने अधू झालेला. आई आन्ना दूध काढायच्या कामावर. मार्क्सवादी क्रांतिकारक रोझा लक्झेम्बर्गच्या नावावरून मुलीचं नाव ठेवलं, यावरून घरातलं वारं कळतं. घरात पाच भाऊ, एक बहीण, आणि शिवाय तीन अनाथ पोरं सांभाळलेली. तिच्या रोजनिशीत पुढे एक इच्छा येते: युद्ध संपलं की विद्यापीठात जायचं, आणि ते नाहीच जमलं तर अनाथ मुलं वाढवायची. ही इच्छा कुठून आली ते शोधायला लांब जायला नको.

चौथीनंतरची शाळा तेरा किलोमीटरवर बेरेझनिकला होती. तिथवर ती चालत जाई. चौदाव्या वर्षी तिने याच्या पुढची मजल मारली. पुढे शिकायचं तर अर्खांगेल्स्कला जायला हवं, आणि घरून परवानगी नाही. तेव्हा पोरगी तैगाच्या जंगलातून सुमारे दोनशे किलोमीटर चालत कोनोशा स्टेशनवर पोचली आणि गाडीत बसली. १९४४ साली तुकडी सोडून पायी आघाडीकडे निघालेल्या रोझाबद्दल तिच्या अधिकाऱ्यांना नवल वाटलं असेल. येद्मातल्या कोणाला वाटलं नसतं.

अर्खांगेल्स्कला शिक्षिका होण्याचं शिक्षण, वसतिगृह, तुटपुंजी शिष्यवृत्ती. तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने सांगितलेली एक हकिगत आहे. रोझा कधीकधी रात्री दोन-तीनला परतायची. दरवाजा बंद. मग वरच्या खोलीतल्या मुली पलंगावरच्या चादरी एकमेकींना गाठी मारून खिडकीतून खाली सोडायच्या आणि ही चादरीला धरून वर चढायची. १९४०मध्ये सोव्हिएत सरकारने वरच्या वर्गांना फी लावली आणि बऱ्याच जणांची शिष्यवृत्ती काढून घेतली. रोझाने सप्टेंबर १९४१पासून एका बालवाडीत नोकरी धरली. राहायला खोलीही मिळाली. मुलांना आणि पालकांना ती आवडायची.

तोवर जर्मनांचा हल्ला होऊन तीन महिने झाले होते. उत्तरेचं मोठं बंदर म्हणून अर्खांगेल्स्कवर विमानं येऊ लागली. रोझा गच्च्यांवर पहारा द्यायच्या आणि आगी विझवायच्या पथकात जाऊ लागली. डिसेंबरमध्ये भाऊ मिखाईल लेनिनग्राडच्या वेढ्यात गेल्याची खबर आली. तो एकोणीस वर्षांचा होता. खबर कळताच ती भरती कार्यालयात गेली आणि मला सैन्यात घ्या म्हणाली. नकार मिळाला. तिच्या आयुष्यातला हा पहिला अर्ज, आणि पहिला नकार.

सोव्हिएत सैन्याला स्त्रिया स्नायपर म्हणून मुद्दाम शिकवाव्यात असं वाटू लागलं ते युद्ध मध्यावर आल्यावर. त्याआधी ल्युडमिला पाव्हलिचेंको ३०९ बळींच्या नोंदीमुळे जगभर गाजली होती आणि १९४२मध्ये अमेरिकेचा दौरा करून आली होती. मे १९४३मध्ये स्त्रियांचं स्वतंत्र मध्यवर्ती स्नायपर प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. पुढे ते मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कला होतं. युद्ध संपेपर्यंत तिथून १०६१ स्नायपर आणि ४०७ प्रशिक्षक बाहेर पडल्या. रोझा तिथून विशेष श्रेणीत उत्तीर्ण झाली. इथेच शिकवायला राहा, असं केंद्राने सांगितलं. तिने नाही म्हटलं.

त्या हत्याराबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळत नाही. मोसिन रायफल, साडेतीन पट मोठं दाखवणारी दुर्बीण वर बसवलेली. साध्या मोसिनमध्ये पाच गोळ्यांची पट्टी वरून एकदम दाबून भरता येते. दुर्बीण बसली की ती वाट बंद होते आणि एकेक गोळी बोटांनी आत सारावी लागते. दर गोळीनंतर बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली पाडायचा. एवढ्यात डोळा दुर्बिणीवरून हलला तर समोरचं माणूस हरवतं. रोझाची ख्याती होती ती लागोपाठ दोन गोळ्यांत दोन माणसं टिपण्याची. बोल्ट फिरवताना गाल रायफलवरून न उचलण्याचा सराव ज्याला आहे त्यालाच हे जमतं. बाकी सगळा वेळ बसून राहण्याचा. उजाडायच्या आत जोडीने जागेवर जायचं, एकीचे डोळे थकले की दुसरीने बघायचं, आणि अंधार पडेपर्यंत उठायचं नाही. बेलारूसमध्ये एप्रिल म्हणजे वितळत्या बर्फाचे दिवस. खंदकात गुडघाभर गार पाणी.

तिची पहिली शिकार ५ एप्रिल १९४४ला, विटेब्स्कच्या आग्नेयेला. शिकार हा शब्द सोव्हिएत स्नायपरच वापरत, ‘शिकारीला’ निघालो असंच म्हणत. गोळी झाडल्यावर रोझाच्या पायांतलं बळ गेलं. ती खंदकात घसरून बसली आणि आपण माणूस मारला एवढंच म्हणाली. आजूबाजूच्या मुली धावत आल्या आणि तिची समजूत काढू लागल्या की तू फॅसिस्ट मारलास. त्या दोन वाक्यांमधलं अंतर रोझाने लवकरच कापलं. तिच्या रेजिमेंटच्या कमांडरच्या अहवालानुसार ६ ते ११ एप्रिलच्या दरम्यान, तोफा आणि मशीनगनच्या माऱ्यात, तिने तेरा जर्मन टिपले. महिना संपायच्या आत तिला ‘ऑर्डर ऑफ ग्लोरी’ची तिसरी श्रेणी मिळाली. तिसऱ्या बेलोरूसी आघाडीवर हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

सात महिन्यांनी तिने रोजनिशीत लिहिलं की आता आपण थंडपणे मारतो आणि यातच आपल्या जगण्याचा अर्थ दिसतो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची झाली तरी हेच करू. हे वाचून अंगावर काटा येतो, आणि यायलाही हवा. बालवाडीतल्या बाईंचं हे वाक्य आहे. ते झाकून तिची आठवण काढणं हा तिच्यावर अन्याय होईल, आणि तेवढ्यावर तिचा निकाल लावणं हाही.

घरी पत्रं जात. सोव्हिएत सैनिकाचं पत्र म्हणजे पाकीट नसलेला कागद. कोपरा दुमडायचा, पुन्हा दुमडायचा, उरलेली पट्टी आत खोचायची, की त्रिकोण तयार. तिकीट नाही, गोंद नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून फक्त सैनिकी टपालाचा क्रमांक. गोंद नसे याचं एक कारण पाकिटांची टंचाई, आणि सोय अशी की सेन्सॉरला ते उघडायला त्रास पडत नसे. ठिकाण लिहायचं नाही, तुकडीचं नाव लिहायचं नाही, किती माणसं पडली ते लिहायचं नाही. एवढं सगळं वगळल्यावर आईला लिहायला उरतं काय? मी बरी आहे, काळजी करू नका. दोनशे किलोमीटर चालून घर सोडलेल्या मुलीला तसंही आईपाशी मन मोकळं करायची सवय राहिली नसावी.

म्हणून तिचं खरं लिखाण दोन ठिकाणी आहे. एक मोल्चानोवना लिहिलेल्या पत्रांत आणि दुसरं तीन जाड वह्यांच्या रोजनिशीत, ६ ऑक्टोबर १९४४पासून २४ जानेवारी १९४५पर्यंत. आघाडीवर रोजनिशी ठेवणं वरिष्ठांना पसंत नसे; वही शत्रूच्या हाती पडली तर काय, ही भीती. तरी तिने ठेवली. पत्रात ती मागते, वहीत ती बोलते.

मोल्चानोव आणि तिचं नातं मोठं चमत्कारिक आहे. तिला प्रसिद्ध करणारा माणूस तोच. रोझाचे आकडे त्याच्याच पानावर वाढत गेले. १७ सप्टेंबर १९४४ला त्याच्या वर्तमानपत्राने तिच्या नावावर ५१ लिहिले. तिला आघाडीवर जाण्यापासून जी गोष्ट अडवत होती ती म्हणजे ही प्रसिद्धीच, आणि ती अडचण दूर कर असं साकडं ती घालत होती प्रसिद्धी देणाऱ्यालाच. तो तिला मोठ्या भावासारखा वाटत असावा. पत्रांतला सूर तसाच आहे, हट्टाचा.

तिला का अडवत होते, याचं एक उत्तर तर उघड आहे. फोटो छापून आलेली पोर मेली तर सगळ्यांचाच चेहरा पडतो. पण दुसरं कारण लष्करी आहे आणि त्यात तथ्यही आहे. स्नायपर हे बचावाचं हत्यार. दोन्ही फौजा समोरासमोर खंदकात महिनोनमहिने बसल्या असतील तेव्हा एक स्नायपर समोरच्या शंभर माणसांना डोकं वर काढू देत नाही. २२ जून १९४४ला बाग्रातिओन ही चढाईची मोहीम सुरू झाली, आणि सोव्हिएत फौजा काही आठवड्यांत शेकडो किलोमीटर पुढे सरकल्या. अशा धावत्या युद्धात लपायची जागा शोधून दिवसभर वाट बघत बसणारीचं काम काय? म्हणून अशा वेळी स्त्री-स्नायपरांच्या तुकड्या मागे ठेवायचा हुकूम होता. लागल्या तर बोलावू.

रोझाला हा हिशेब मान्य नव्हता. तिचं म्हणणं असं की स्नायपर म्हणून नको तर साधी शिपाई म्हणून न्या. विटेब्स्कजवळ जर्मनांना वेढून संपवलं त्या लढाईत ती होतीच. जुलैत विल्नियसच्या लढाईतही होती. १९४१च्या जूनपासून जर्मनांच्या ताब्यात असलेलं ते शहर १३ जुलैला सुटलं, आणि तिच्या नावावर त्या लढाईचे बारा बळी मांडले गेले. साशा येकिमोवा आणि कालेरिया पेत्रोवा या दोघी तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणी. तिघी मिळून कुठेही निघून जायच्या, म्हणून रोझाने आपल्या तिघींना ‘भटकं त्रिकूट’ असं नाव पाडलं होतं.

अर्ज फक्त संपादकाकडे गेले नाहीत. पाचव्या आर्मीचे सेनापती निकोलाय क्रिलोव यांच्याकडे गेले. दोनदा थेट स्टालिनला लिहिलं, मला साधी शिपाई म्हणून पायदळाच्या बटालियनमध्ये पाठवा. चादरीला लोंबकळून खिडकीतून चढणाऱ्या मुलीला मधल्या पायऱ्यांचं फारसं कौतुक नसावं.

शरदात फौजा पूर्व प्रशियात, म्हणजे खुद्द जर्मनीच्या भूमीवर उतरल्या. रोझा मधल्या काळात छोट्या रजेवर अर्खांगेल्स्कला जाऊन आली होती. सप्टेंबरमध्ये ऑर्डर ऑफ ग्लोरीची दुसरी श्रेणी मिळाली होती. कॅनडातल्या एका वर्तमानपत्राने तिला पूर्व प्रशियाची न दिसणारी दहशत ठरवून टाकलं होतं. २६ ऑक्टोबरला श्लोसबर्गजवळ जर्मनांनी उलट हल्ला चढवला. त्या झुंजीत तिच्यासोबत लढणारे कॅप्टन इगोर असेयेव मारले गेले. त्या दिवसाबद्दल रोझाला पहिल्या श्रेणीची ऑर्डर मिळण्यासारखी होती, डिसेंबरअखेर मिळालं ते शौर्यपदक. याबद्दल तिने आरडाओरडा केला नाही. पदकासाठी तिने कधी अर्ज केला नव्हता.

वह्या वाचताना पत्रातली हट्टी रोझा मागे पडते आणि एक एकटी मुलगी दिसू लागते. मिशा पानारिन नावाच्या सैनिकाबद्दल ती लिहिते. तो मारला गेला. त्याचं आपल्यावर प्रेम होतं आणि आपलं त्याच्यावर, हे तिने वहीत लिहिलं ते तो गेल्यावर. आपण वीस वर्षांचे झालो तरी जवळचं असं कोणी नाही, ही खंत ती लिहून ठेवते. अधिकाऱ्यांच्या लगटीचेही उल्लेख आहेत, चिडून केलेले. पहिल्या पानावरच्या फोटोत यातलं काही नव्हतं, आणि सेन्सॉरने उघडायच्या त्रिकोणातही जाणं शक्य नव्हतं.

१२ डिसेंबरला समोरच्या स्नायपरने तिला टिपलं. उजव्या खांद्यात गोळी. दुखलं असं नाही, खांद्याला काहीतरी कढत लागल्यासारखं झालं, असं तिने नोंदवलं आहे. दोन बारीक भोकं दिसत होती, तिला वाटलं किरकोळ आहे, पण शस्त्रक्रिया करावी लागली. आदल्या दिवशी आपल्याला याच जागी जखम झाल्याचं स्वप्न पडलं होतं, असंही तिने लिहिलंय. मी असल्या स्वप्नांना फारसं महत्त्व देत नाही. आठ महिने दुर्बिणीतून दुसऱ्यांचे खांदे आणि डोकी बघणाऱ्या माणसाला रात्री स्वतःचा खांदा दिसला तर त्यात गूढ काही नाही.

इस्पितळातून ती परत आली, आणि जानेवारी १९४५मध्ये तिचा अर्ज मंजूर झाला. डिव्हिजनच्या कमांडरने आधी नकार दिला होता. सेनापती क्रिलोव यांनी नाइलाजाने का होईना, परवानगी दिली. १३ जानेवारीला पूर्व प्रशियावरचा मोठा हल्ला सुरू झाला आणि रोझा अखेर जिथे जायचं होतं तिथे पोचली.

पुढच्या काही दिवसांत आपल्याच बाजूच्या कात्युशांचा मारा तिच्या अंगावर आला. एकामागून एक अग्निबाण सोडणाऱ्या त्या गाड्यांना जर्मन का घाबरतात ते आता कळलं, असं ती वहीत लिहिते. इतकंच. रडणं नाही, दोष देणं नाही. उलट थोडं कौतुकच.

याच दिवसांत इल्या एरेनबुर्गच्या लेखातलं तिच्या नावाचं कौतुक तिच्यापर्यंत पोचलं. एरेनबुर्ग म्हणजे सोव्हिएत सैन्यात सर्वाधिक वाचला जाणारा लेखक. त्याचे लेख सैनिक सिगारेट वळायलासुद्धा फाडत नसत म्हणतात. कोणत्याही शिपायाची छाती फुगावी असा प्रसंग. १६ जानेवारीच्या नोंदीत रोझा स्वतःला विचारते, मी असं केलं तरी काय? देशासाठी उभ्या राहिलेल्या माणसाचं जे कर्तव्य, त्याहून जास्त काही नाही. ही नम्रता शिकवलेली आहे असं कोणी म्हणेल, आणि शब्द खरोखरच त्या काळच्या सभांमधले आहेत. पण ती वही कोणाला दाखवायची नव्हती. ज्या बाईने आपलं प्रेम, आपली चीड आणि माणसं मारण्यातला थंडपणा त्याच पानांत लिहिला, तिला एकाच नोंदीपुरता मुखवटा चढवायचं कारण नव्हतं. मला ती खरी वाटते.

मोल्चानोवना दुसऱ्या दिवशी गेलेल्या पत्रात मागणी नाही. मागणी पुरी झाली होती. कदाचित आपण लवकरच मारले जाऊ, असं ती लिहिते, कारण बटालियनमधल्या ७८ जणांपैकी उरलेत सहा. सेन्सॉरने खोडायला हवा होता असा हा आकडा आहे. तो पोचला आणि राहिला. ५९च्या जोडीने हे ७२ कोणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

वहीतली शेवटची नोंद २४ जानेवारीची. बरेच दिवस लिहायला सवड झाली नाही, दोन दिवस नरकासारखे गेले, असं ती सांगते. जर्मनांचा मारा इतका की स्वयंचलित तोफगाड्यांवर बसून निघालेले सैनिक त्या गाड्यांच्या आत शिरले, तीही शिरली. स्नायपरचं काम तिथे कुठलं? तिने मागितलेलं साध्या शिपायाचं युद्ध ते हेच होतं.

२७ जानेवारीला रिखाऊ नावाच्या जमीनदारी वाड्याजवळ ती सापडली. एका जखमी तोफखाना अधिकाऱ्यावर ती पांघरुणासारखी पडली होती. बॉम्बगोळ्याच्या तुकड्याने तिची छाती आणि पोट फाडलं होतं. दुसऱ्या दिवशी, २८ जानेवारी १९४५ला, ती गेली. एकविसावा वाढदिवस दोन महिन्यांवर होता, युद्धाचा शेवट तीन महिन्यांवर. आपण फार थोडं केलं याचं तिला वाईट वाटत होतं, अशी आठवण तिच्याजवळ असलेल्या परिचारिकेने सांगितली आहे. आले नदीच्या काठी एका नाशपातीच्या झाडाखाली तिला पुरलं. नंतर तिचे अवशेष कालिनिनग्राड प्रांतातल्या झ्नामेन्स्कला हलवले.

तिचं हे मरण हौतात्म्य मानायचं की निव्वळ वाया गेलेलं, हा प्रश्न उरतोच. तिला मागे ठेवू पाहणारे अधिकारी चूक नव्हते, असं मला पत्रं वाचून वाटतं. युद्ध जिंकायला त्या जानेवारीत आणखी एका स्नायपरची गरज नव्हती. पण वर्तमानपत्रासाठी जिचं शौर्य चालतं तिला शौर्य गाजवू द्यायचं नाही, हा दुटप्पीपणा तिने बरोबर ओळखला होता, आणि त्याला तिने दिलेलं उत्तर तिच्या स्वभावाला धरून होतं.

मोल्चानोवनी तिच्या तीन वह्या आणि पत्रं वीस वर्षं कीएवमध्ये आपल्या घरी सांभाळली. ‘सेव्हेर्नी कोम्सोमोलेत्स’ या अर्खांगेल्स्कच्या वर्तमानपत्राने तिला ओळखणाऱ्यांनी लिहावं असं आवाहन केलं, आणि १९६५मध्ये ‘यूनोस्त’ मासिकाने रोजनिशीचा संक्षिप्त भाग छापला. मूळ वह्या आता अर्खांगेल्स्कच्या प्रादेशिक संग्रहालयात आहेत. त्या शहरात तिच्या नावाचा रस्ता आहे आणि तिच्या नावाने नेमबाजीच्या स्पर्धाही भरवल्या गेल्या.